डोईवर कळशी, समोर पाटी

मी शाळेत लागले ती शिकवायला नव्हे, ओरडायला. खोटं कशाला सांगू? कोल्हापुरात आमच्या पेठेत मुलींची शाळा निघून चार-सहा वर्षं झाली होती. तेव्हा गादीवर होते त्या महाराजांना शाळांचं भारी वेड. त्यामुळं इमारत मिळाली, बाकं आली, भिंतीवर नकाशा लागला, पुण्याकडून शिकलेल्या मोठ्या बाई आल्या. सगळं आलं, फक्त मुली येत नव्हत्या. आया म्हणायच्या, पोरगी रस्त्यानं एकटी कशी धाडायची? मग शिक्षणखात्यानं तोड काढली. एक बाई नेमायची. तिनं सकाळी गल्लोगल्ली फिरून हाका मारायच्या, मुली गोळा करून शाळेत आणायच्या आणि संध्याकाळी ज्याची त्याची मुलगी दारात पोचवायची. या बाईला लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. पाय दणकट आणि घसा मोठा, एवढं बास.

घशाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारी नव्हते. कोडोलीच्या रानात वाढलेली मी. आमच्याकडं या बांधावरची बाई त्या बांधावरच्या बाईशी बसल्या जागेवरून सुखदुःखाचं बोलते. मोठ्या बाईंनी मला बघायला बोलावलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं. बाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि माझी नेमणूक पक्की झाली.

लिहायला-वाचायला मला येत होतं, ही गोष्ट वेगळी. माहेरी भाऊ शाळेत जायचा आणि घरी येऊन माझ्यापुढं पुस्तक टाकायचा, कारण त्याचा अभ्यास मी केला की त्याला विटीदांडूला जाता यायचं. तो पहिल्या पुस्तकात अडकला आणि मी तिसऱ्यापर्यंत गेले. पण सासरी असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. मी गप्प होते. गप्प राहणं मला फारसं जमत नाही. माझं तोंड आधी सुटतं आणि डोकं मागाहून येतं. त्या एका बाबतीत मात्र जमलं होतं.

महिनाभरात कळलं की नुसतं ओरडून मुली येत नाहीत. दर दाराची तऱ्हा निराळी. तांबटाच्या घरी आधी म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायची, मग मुलगी मिळायची. तेल्याच्या घरी मुलीला हाक मारायचीच नाही, तिच्या बापाला मारायची. तो मानाचा भुकेला, खूश होऊन मुलगी स्वतः आणून सोडायचा. दरबारच्या घोड्यांना नाल ठोकणारं एक मुसलमान घर होतं. त्या नालबंदाची मुलगी पाटी-दप्तर घेऊन कधीची उंबऱ्यात उभी असायची, पण तिची आई मला पान खाल्ल्याशिवाय पुढं हलू द्यायची नाही. नवं दार लागलं की मी आधी दोन दिवस नुसती बघत राहायचे, या घरात सकाळी कोण कुणाचं ऐकतं ते. तिथंच हाक लावायची.

सगळ्यांत अवघड म्हणजे पाण्याची घरं. अशी सात-आठ होती. तिथल्या मुलींना सकाळी हौदावरून घागरी भरून आणाव्या लागत, आणि तेवढ्यात शाळेची वेळ टळून जाई. त्यातल्या एका माळ्याच्या बाईनं तर मला दारातच गाठलं. "तुमची साळा पाणी भरंल व्हय आमचं?" अंगाचा तिळपापड झाला माझा. पण शाळा पाणी भरत नव्हती हे खरंच होतं.

मग मी काय केलं, मुलींबरोबर हौदावर जायला लागले. पहिले दोन दिवस नुसती चालले. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की डोक्यावर भरलेली घागर असली की पोरगी इकडं-तिकडं बघत नाही. मान ताठ, नजर समोर, तोंड मोकळं. असं लक्ष वर्गात कुणाचं लागतं? मी शाळेतली एक पाटी मागून घेतली. तिच्यावर मोठं अक्षर काढायचं, पाटी छातीशी धरायची आणि मुलींच्या पुढं उलट्या पावलांनी चालायचं. त्या चालत चालत वाचायच्या. अक्षरं झाली, शब्द झाले, मग पाढे. पाठमोरी चालण्यात एकच धोका. एकदा गवळ्याची म्हैस वाटेत उभी होती. तिनं काही जागा सोडली नाही, मीच तिच्या पायाशी बसकण मारली. मुली इतक्या हसल्या की दोन घागरी फुटल्या आणि त्या दिवशी दोन घरांत मला बोलणी खावी लागली. पण मुली यायला लागल्या. एवढंच नव्हे, हौदावर धुणं धुणाऱ्या आयासुद्धा पिळे पिळताना बे एके बे पुटपुटायला लागल्या. मोठ्या बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं मुली हुशार आहेत.

अशी दोन वर्षं गेली आणि बिगरीच्या बाई शाळा सोडून गेल्या. त्यांच्या यजमानांची बदली शिरोळला झाली. बिगरी म्हणजे अगदी लहान मुलींचा वर्ग, मुळाक्षरांचा. त्या वर्गात एक वेताची खुर्ची होती. तिच्या पाठीची वीण एका बाजूनं सुटली होती आणि पुढचा एक पाय आखूड होता. ती रिकामी खुर्ची बघितली आणि मला तहान लागावी तशी ती हवीशी झाली. लाजायचं काय त्यात? मला बिगरी शिकवायची होती, शिकवता येत होती, रोज रस्त्यानं मी तेच करत होते. फक्त बसून करायचं होतं आणि "बाई" म्हणवून घ्यायचं होतं.

घरी बोलले. आमचे हे दरबारच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची खरारा-खाण्याची निगा ठेवणारे. बारा वर्षं मोतद्दार. पण बढती कशी मिळवायची यावर त्यांच्याइतकं कुणी बोलत नसेल. त्या रात्री जेवताना त्यांनी मला सगळं शास्त्र समजावलं. साहेबाच्या आधी हजर व्हायचं आणि साहेब गेल्यावर निघायचं. साहेब काय म्हणेल त्याला "व्हय जी" म्हणायचं, मग तो दिवसाला रात्र म्हणो. आणि सगळ्यांत मोठं, वाईट खबर आपल्या तोंडून जाऊ द्यायची नाही.

"घोडा लंगडला तर सायबानं आपल्या डोळ्यांनी बघावं," ते म्हणाले. "आपण सांगिटलं की लंगडा घोडा आपल्या नावावर बसतोय."

मी विचारलं, मग तुम्ही अजून मोतद्दार कसे? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवण मागितलं.

हसले मी तेव्हा, पण त्यांचं ते शेवटचं बोलणं मनात रुतून बसलं. त्याला कारण होतं. मागच्याच महिन्यात मी चारचौघींत मोठ्या बाईंना सांगितलं होतं की शाळेचं घड्याळ मागं पडतंय. दोन पाहुण्या बायका समोर बसल्या होत्या. बाईंचा चेहरा उतरला आणि पाहुण्या गेल्यावर त्यांनी माझा असा पाणउतारा केला की दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. घड्याळ मागं पडत होतं, हे खरं होतं. पण खरं सांगून मला काय मिळालं?

आठवड्याभरानं मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, बिगरीसाठी मी तुमचा विचार केला आहे, तुम्हाला अक्षरं येतात हे मला मुलींकडून कळलंय. पण नेमणूक माझ्या हातात नाही. शाळा तपासणारे खात्याचे डिपोटीसाहेब येणार आहेत, ते ठरवतील. पटावरच्या छत्तीसच्या छत्तीस मुली त्या दिवशी हजर दिसल्या पाहिजेत. तुमचं काम चोख आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसलं, की पुढचं मी बोलेन. तारीख त्यांनी सांगितली. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी.

मी जन्मात पहिल्यांदा "व्हय जी" म्हणाले आणि बाहेर आले. अंगणात येऊन बोटांवर दिवस मोजले. आषाढातला तो शुक्रवार आमच्या गल्लीचा होता.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते कळशांतून टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी, एकेका गल्लीनं वार धरून. कळशीला कडुलिंबाचा डहाळा, फुलांची माळ, हळदकुंकू. पुढं पी ढबाक, म्हणजे आमच्याकडची सनई आणि ढोल. लांबून तसंच ऐकू येतं म्हणून ते नाव. कळशा घ्यायच्या त्या घरच्या मुलींनी. आणि आमच्या गल्लीचा कडक नियम असा की घाटावरून उचललेली कळशी टेकडी येईपर्यंत भुईला टेकवायची नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीतली मुलगी शाळेत येणार? देवीनं स्वतः येऊन सांगितलं असतं तरी नाही.

मोठ्या बाई पुण्याच्या, डिपोटीसाहेब त्याहून लांबचे. त्यांना टेंबलाईचं पाणी काय ठाऊक? ठाऊक होतं ते मला एकटीला. लगेच पाऊल मागं वळवून आत जायचं आणि सांगायचं, बाई, तारीख बदला. एवढंच तर काम होतं. पण मला लंगडा घोडा दिसायला लागला. डिपोटीसाहेबांना लिहून तारीख फिरवायची, म्हणजे बाईंना कमीपणा. तो कमीपणा कुणी आणला? मी. आणि बिगरीसाठी माझं नाव घेणार कोण? बाई. मी सरळ घरी गेले.

मला वाटलं, आपणच वाट काढू. आमच्या गल्लीच्या तालमीचे वस्ताद पाण्याचं सगळं ठरवायचे. त्यांना जाऊन विनवलं की पाणी मंगळवारी न्या. ते मांडी चोळत म्हणाले की मंगळवार शेजारच्या पेठेचा, वाजंत्री ठरलेली, आणि देवीचा वार शाळेसाठी फिरवलेला त्यांनी बापजन्मी ऐकला नाही. झालं. मग मी मनाशी हिशेब मांडला. पाणी सकाळी लवकर निघतं, दहापर्यंत टेकडीवर पोचतं. मुलींना तिथूनच तशाच शाळेत आणायचं. साहेब अकराला येणार. जमेल, का नाही जमणार? हाताशी दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत निदान दहा वेळा मी बाईंच्या दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून परत आले. आज सांगते, तेव्हा मी भित्री झाले होते. खुर्चीच्या हव्यासानं माणूस भित्रा होतो.

शुक्रवार उजाडला. मी सहाला गल्लीत गेले तर सगळ्या मुली न्हाऊन-माखून, परकर-पोलक्यात, हातात घासलेल्या कळशा. आणि वाजंत्र्यांचा पत्ता नाही. आदल्या दिवशी दुसऱ्या गावात वरात होती, तिथून ते निघालेच नव्हते. सात वाजले, आठ वाजले. वस्ताद चिडून येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या मागं मी. नऊला वाजंत्री आले, मग घाट, मग पूजा. सगळं उलटं-पालटं झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्या गल्ल्यांतून जेवढ्या मिळतील तेवढ्या मुली गोळा करून मी शाळेत पळाले. नऊ मुली. नालबंदाची, तांबटाची, तेल्याची आणि आणखी सहा.

डिपोटीसाहेब अकराच्या ठोक्याला टांग्यातून उतरले. म्हणजे त्यांच्या घड्याळाच्या ठोक्याला. आमचं मागंच होतं. वयस्कर गृहस्थ, लाल पगडी, नाकावर चष्मा, हातात तपकिरीची डबी. त्यांनी हजेरीपट बघितला, बाकं बघितली, पुन्हा हजेरीपट बघितला. मग हळू आवाजात मोठ्या बाईंना विचारलं, छत्तीसांतल्या नऊच कशा?

मी दाराशी उभी होते. मला वाटलं आता बाई माझ्याकडं बोट दाखवतील. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पण बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "आमच्या बोलावणाऱ्या बाई कामाला फार चोख आहेत, साहेब. त्यांचा यात काही दोष नसणार."

घड्याळासाठी मला फाडून खाणारी ही बाई, आणि आज माझ्यासाठी खाली मान घालून उभी. मला राहवेना.

"दोष माझाच हाय, साहेब," मी म्हणाले. "आज आमच्या गल्लीचं टेंबलाईचं पाणी हाय. पोरी तिकडं गेल्यात. मला धा दिसांपासनं ठावं हाय. बाईंना मी सांगिटलं न्हाय. वाईट खबर सांगिटली की बिगरी हातची जाईल म्हणून भ्याले."

साहेबांनी तपकिरीची डबी उघडली, तशीच मिटली. बाईंनी माझ्याकडं बघितलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. राग नव्हता, त्याहून वाईट होतं. मी मनात म्हटलं, गेली बिगरी. हाकेचं कामही गेलं.

तेवढ्यात लांबून ढोल ऐकू आला. नालबंदाची मुलगी खिडकीशी बसली होती. ती उठून म्हणाली, मावशी, आपल्या मुली कोपऱ्यावर आल्यात. टेकडीचा रस्ता आमच्या शाळेपुढून जातो, हे माझ्या त्या घाबरलेल्या डोक्यात आलंच नव्हतं. मी साहेबांची परवानगी मागितली की नाही, आठवत नाही. पदर खोचला आणि रस्त्यावर पळाले.

दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले. माझ्या घशानं त्या दिवशी पी ढबाकला हरवलं. सनईवाला दचकून थांबला, ढोल थांबला, मागची सगळी मिरवणूक एकमेकींवर आदळली. वस्ताद लाल झाले. देवीच्या वाटेत आडवी येतेस, तुला काही वाटतं का, असं त्यांनी सुरू केलं. मी म्हटलं, देवी वर्षभर थांबली, आणखी पाव घटका थांबेल. मुलींना नुसतं शाळेच्या अंगणात उभं करते, कळशी खाली ठेवणार नाही, थेंब सांडू देणार नाही. वस्ताद ऐकेनात. बायकांत कुजबुज सुरू झाली. मी रडायच्या बेताला आले होते.

आणि मागून ती माळ्याची बाई पुढं आली. तीच, जिनं मला शाळा पाणी भरेल का म्हणून विचारलं होतं.

"जाऊ द्या की वस्ताद," ती म्हणाली. "रोज घागर घिऊन शिकत्यात पोरी. आज कळशी घिऊन शिकतील."

वस्तादांनी हात टेकले. सत्तावीस मुली ओळीनं अंगणात आल्या, डोक्यावर कळशा, कळशांतून लिंबाचे डहाळे डुलतायत. आतल्या नऊजणी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. छत्तीस. साहेब कट्ट्यावर आले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ शाळा तपासल्या असतील, पण असा वर्ग बघितला नसावा. त्यांनी सवयीनं ओळीतल्या पहिल्या मुलीपुढं पुस्तक धरलं. ती बिचारी मान वाकवणार कशी? डोळे खाली करून करून तिरळी व्हायला आली.

मी आतून पाटी आणली. साहेबांना म्हटलं, तुम्हाला हवं ते तुम्हीच लिहा. त्यांनी लिहिलं. मी पाटी छातीशी धरली आणि रोजच्यासारखी मुलींच्या पुढं उलटी चालायला लागले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या वाचत गेल्या. साहेब पुसत गेले, लिहीत गेले, आधी शब्द, मग अख्खी वाक्यं. मग पाढे. सोळाचा पाढा म्हणताना ढोलवाल्यालाच राहवेना. फाटकाशी उभ्या उभ्या त्यानं ताल धरला आणि मुलींना आणखी चेव आला. एक चुकली तेव्हा फाटकातून तिच्या आईनं बरोबर आकडा सांगितला. साहेबांनी चष्म्यावरून तिकडं बघितलं, तशी ती शेजारच्या बाईच्या मागं लपली. तांबटाच्या धाकटीचं लक्ष सगळं कळशांकडं. तिला शिंक आली, ती शेजारणीला धडकली आणि पाण्याची एक धार थेट साहेबांच्या हजेरीपटावर. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी उपरण्यानं कागद टिपला.

वस्तादांचा धीर सुटला. ते फाटकातून म्हणाले, "पावणं, आटपा की आता."

पावणं म्हटलेलं साहेबांना आवडलं असावं. ते हसले, म्हणाले एकच प्रश्न राहिला, आणि सगळ्यांत लहान मुलीपुढं वाकले. तिला विचारलं, बाळ, तुमची शाळा कधी भरते? अकरा वाजता, हे उत्तर भिंतीवर लिहून लावलं होतं आणि मी ते तिच्याकडून शंभरदा घोकून घेतलं होतं.

"मावशीची हाक आली की," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. मिरवणूक पुन्हा वाजत-गाजत टेकडीकडं गेली, नऊजणी वर्गात गेल्या आणि अंगणात आम्ही तिघं उरलो.

साहेबांनी मला सोडलं नाही. म्हणाले, जे ठाऊक होतं ते दडवलंत, पुन्हा असं केलंत तर हेही काम राहणार नाही. मी "व्हय जी" म्हणाले नाही. चूक झाली म्हणाले. मग त्यांनी मोठ्या बाईंना कागद घ्यायला सांगितला आणि मला म्हणाले, वर्षभरात कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीच्या मुली येत नाहीत ते सगळं सांगा, यापुढं तपासणी त्या दिवशी ठेवणार नाही. मी सांगत गेले. बैलांचा बेंदूर, गल्लीगल्लीचं पाणी, नालबंदाकडचा उरूस, हुपरीच्या मामाकडं कोण कधी जातं, कुणाच्या घरी श्रावणात काय असतं. तासभर बोलत होते. बाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली आणि विचारलं, हे मला कधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, घड्याळाचं सांगितलं त्या दिवसापासून भ्याले. दुसऱ्या दिवशी घड्याळजी आला.

महिन्याभरानं हुकूम आला. बिगरीचा वर्ग माझ्याकडं. वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी भर रस्त्यात रडले, मोठ्यानं, मला हळू रडता येत नाही. आमच्या ह्यांनी पागेत प्रत्येक घोड्याला बातमी सांगितली आणि घरी येऊन मला म्हणाले, बघ, सांगिटलं होतं ना मी, कसं वागायचं ते. मी त्यांना त्या दिवशी काहीच बोलले नाही, इतकी मी खूश होते.

पहिल्या दिवशी नवं इरकली लुगडं नेसले. मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं की आता तुम्ही बाई झालात, गल्लीत ओरडत फिरायचं नाही. साडेदहालाच जाऊन त्या वेताच्या खुर्चीवर बसले. आखूड पायाखाली घडी केलेला कागद घातला. पाठ टेकून बघितली. फळ्यावर सुंदर अक्षरात तारीख काढली. अकरा वाजले, घड्याळ आता बरोबर होतं. घंटा झाली. वर्गात मी आणि माझी खुर्ची. बाहेर येऊन बघितलं तर शेजारच्या वर्गात मोठ्या बाईही एकट्याच बसलेल्या. नालबंदाची मुलगी तेवढी आली होती.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मला बढती मिळाली, हुकूम निघाला, लुगडं आलं, पेढे वाटले. पण माझ्या जागी हाका मारायला कुणाला नेमायचं, हे डिपोटीसाहेबांना, खात्याला, बाईंना आणि मलाही सुचलं नव्हतं.

बाई काही म्हणायच्या आत मी वहाणा घातल्या. गल्लीच्या तोंडाशीच माळ्याची बाई दारात तांदूळ निवडत बसली होती आणि तिची मुलगी तिच्या शेजारी, वेणी-फणी करून, दप्तर मांडीवर घेऊन. मी रागानंच विचारलं, घंटा होऊन गेली, पोरगीला घरी का बसवलंस?

ती माझ्याकडं बघतच राहिली. "हाक आली न्हाय," ती म्हणाली. "म्हटलं, साळा बंद झाली जणू."

मी तिथंच, गल्लीच्या मधोमध उभी राहिले. आजूबाजूच्या चार दारांत आणखी चार मुली दप्तरं घेऊन बसलेल्या दिसल्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि घसा मोकळा केला.

नवी बाई नेमायला खात्याला दोन वर्षं लागली आणि ती बाई चार महिन्यांत सोडून गेली, मग ते तसंच राहिलं. सकाळी हाक मारायची, घागरींबरोबर चालायचं, मग येऊन बिगरी घ्यायची. मोठ्या बाई पुन्हा मला कधी काही म्हणाल्या नाहीत.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा पाय सुजले होते आणि आवाज बसला होता. हे पागेतून माझ्या आधीच येऊन ओट्यावर वाट बघत बसले होते.

"काय बाई," त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "खुर्ची कशी हाय?"

"बसले की सांगते," मी म्हटलं आणि चूल पेटवायला आत गेले.